अडचण त्याची, उपाय माझ्या माथी

बेंजामिन फ्रँकलिनचं वेळापत्रक तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. पहाटे पाचला उठायचं, 'आज मी कोणतं चांगलं काम करणार?' असं स्वतःला विचारायचं, दिवसाची आखणी करायची, थोडा अभ्यास करायचा. आठ ते बारा काम. बारा ते दोन वाचन, हिशेबावर नजर आणि जेवण. दोन ते सहा पुन्हा काम. मग वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, संगीत किंवा गप्पा, दिवसभरात काय चांगलं केलं याची उजळणी, आणि दहाला झोप. हा चोवीस तासांचा तक्ता त्याच्या आत्मचरित्रात आहे. वेळेच्या नियोजनावर बोलायला उभा राहिलेला माणूस तो दाखवल्याशिवाय सहसा खाली बसत नाही.

तक्त्यानंतरची पानं मात्र कुणी दाखवत नाही. तिथे फ्रँकलिन सांगतो, की अंगी बाणवायच्या तेरा गुणांपैकी 'सुव्यवस्था' या गुणाने त्याला सगळ्यांत जास्त छळलं. कारणही तोच देतो. ज्याचा वेळ त्याच्याच हातात आहे अशा माणसाला, उदाहरणार्थ छापखान्यातल्या पगारी कारागिराला, असं वेळापत्रक पाळता येईल. छापखान्याच्या मालकाला ते तंतोतंत पाळता येणार नाही, कारण त्याला चार लोकांत वावरावं लागतं आणि कामाची माणसं त्यांच्या सोयीच्या वेळी दारात उभी राहतात. कागदपत्रं जागच्या जागी ठेवण्याबद्दल तर तो जवळजवळ हात टेकतो. लहानपणापासून ती सवय नव्हती, आणि स्मरणशक्ती इतकी चांगली होती, की पसाऱ्याचा त्रास कधी जाणवलाच नाही!

पुढे तो एक गोष्ट सांगतो. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली. तिची धार जशी चकाकते तसंच सगळं पातं चकाकायला हवं, असा त्याचा हट्ट. लोहार म्हणाला, तू चाक फिरवत असशील तर घासून देतो. लोहार पातं दगडावर जोराने दाबून धरणार आणि हा चाक फिरवणार. थोड्या वेळाने याचा दम निघाला, तेव्हा म्हणाला, आहे तशीच देऊन टाक. लोहार म्हणाला, फिरव अजून, आत्ता नुसते ठिपके ठिपके दिसताहेत. त्यावर हा म्हणतो, खरं सांगू, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड जास्त आवडते.

फ्रँकलिन ही गोष्ट स्वतःवर हसत सांगतो, पण सोडून दिलेल्या प्रयत्नाचं समर्थन म्हणून नव्हे. आपण पूर्णत्वाला पोचलो नाही, तरी प्रयत्न केला म्हणून बरे झालो, असं त्याचं म्हणणं आहे. मला त्यातलं दुसरंच काही जास्त मोलाचं वाटतं. ज्याचा तक्ता जगभर भिंतींवर लागला, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की हा तक्ता कुणाच्या कामाचा आहे आणि कुणाच्या नाही. वेळ सांभाळण्याची कोणतीही पद्धत समोर आली, की मी आधी ती कुणी शोधली आणि त्या माणसाचं काय अडलं होतं, हे शोधते. पद्धत नंतर.

पंचवीस मिनिटांचा टायमर घ्या. 1980च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो नावाचा इटालियन विद्यार्थी अभ्यासाला बसत होता आणि मन लागत नव्हतं. 'दहा मिनिटं तरी खरा अभ्यास करून दाखव,' अशी त्याने स्वतःशीच पैज लावली आणि स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर टेबलावर आणून ठेवलं. त्यातून पुढे पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, आणि अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती, हे गणित बसलं. म्हणजे ही पद्धत जन्मली ती सुरुवात न होणाऱ्या आणि सुरू झालं तरी भरकटणाऱ्या माणसासाठी. पुस्तक उघडं आहे, खुर्चीत माणूसही आहे, पण अभ्यास होत नाही, अशा वेळी दहा मिनिटांची पैज हे अक्सीर औषध आहे.

मी हस्तलिखितांचं संपादन करते आणि मुद्रितंही तपासते. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन्ही कामं सारखीच दिसतात: टेबल तेच, खुर्ची तीच, समोर कागद. पण मुद्रितं तपासताना टायमर मला देवासारखा वाटतो. त्या कामात डोळा फार लवकर निबर होतो. अर्ध्या तासानंतर तो अक्षरं पाहायचं सोडतो आणि ओळखीचे शब्द मनानेच पुरे करून घेतो. वेलांटीची चूक समोर असून दिसत नाही. मग घंटा वाजावी, उठावं, खिडकीबाहेर बघावं, परत बसावं, हे अगदी योग्य. हस्तलिखित वाचताना मात्र उलटं होतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं लेखकाचा सूर कानात बसायलाच जातात. कुठे तो मुद्दाम लांबण लावतोय आणि कुठे नुसताच घसरलाय, हे त्यानंतर उमगायला लागतं. तेवढ्यात घंटा वाजली, की सगळं पाण्यात. टायमर तोच, बाई तीच, तरी एका कामात तो गुरू आणि दुसऱ्यात शत्रू. म्हणून 'ती पद्धत मला सूट होत नाही' असं कुणी म्हणालं, की मी विचारते, कोणत्या कामाला?

काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही, हे पाहून ते चारपैकी एका चौकोनात टाकायचं, या पद्धतीचं थोडं गमतीचं आहे. तिला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव आहे. 1954 साली इव्हॅन्स्टन इथल्या भाषणात त्यांनी एका माजी कॉलेज-प्रमुखाचा दाखला देऊन म्हटलं होतं, की माझ्यापुढे दोन तऱ्हेचे प्रश्न असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे. तातडीचे महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधीच तातडीचे नसतात. विचार असा उसना घेतलेला. चौकोन पुढे इतरांनी आखले, आणि स्टीफन कव्ही यांच्या 1989 सालच्या पुस्तकामुळे ते घरोघरी पोचले. तातडीचं पण महत्त्वाचं नाही, अशा कामांच्या चौकोनात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं: 'दुसऱ्याकडे सोपवा.' राष्ट्राध्यक्षांना सोपवायला माणसं असतात. माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या बाईने तो चौकोन भरायचा आणि मग घरात इकडेतिकडे बघत बसायचं. तरीही त्यातली पहिली ओळख, की गजर करणारं काम आणि मोलाचं काम ही वेगवेगळी असतात, ती मी ठेवून घेतली आहे. चौकोन मात्र टाकून दिले.

आता पहाटेबद्दल. या एका गोष्टीबद्दल मला थोडं चिडून लिहावंसं वाटतं, कारण पहाटे उठणं हा सद्गुण आणि उशिरा उठणं हा चारित्र्यदोष, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. शरीराचं घड्याळ ही कविकल्पना नाही. ते पेशींमध्ये कसं चालतं हे शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सकाळचा की रात्रीचा, हे चाचपण्यासाठी हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी एकोणीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली ती 1976 साली, आणि ती अजून वापरली जाते. यात अनुवंशिकतेचा वाटा असतो, वयाचाही असतो. पौगंडावस्थेत हे घड्याळ मागे सरकत जातं, विशीच्या आसपास ते सगळ्यांत उशिराचं असतं आणि मग वयाबरोबर हळूहळू पुन्हा पुढे येतं. तेव्हा अठरा वर्षांच्या मुलाला सकाळी हलवून उठवणारे पन्नाशीचे वडील आणि तो मुलगा यांच्यातलं भांडण पुष्कळदा संस्कारांचं नसतंच.

दोन लेखक आठवतात. अँथनी ट्रोलप टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर नोकरी करायचा. तो पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द, असं साडेआठपर्यंत चालायचं. त्यानंतर दिवसाची कामं. फ्रान्झ काफ्का प्राग इथल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. दुपारी दोनला सुटायचा, झोप काढायचा आणि रात्री लिहायला बसायचा. 22 सप्टेंबर 1912 च्या रात्री दहाला त्याने एक कथा लिहायला घेतली आणि सकाळी सहाला ती पुरी करून उठला. दोघांची अडचण तीच होती, पोटासाठीची नोकरी. एकाने लेखन नोकरीच्या अलीकडे ठेवलं, दुसऱ्याने पलीकडे. काफ्काच्या रात्रींची किंमत त्याच्या डोकेदुखीने आणि निद्रानाशाने वसूल केली, हेही खरं. त्याची डायरी वाचताना 'रात्रीचा माणूस' या कल्पनेबद्दलचं सगळं काव्य उतरतं.

ट्रोलपच्या पहाटेतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याला उठवायला एक म्हातारा मोतद्दार होता. या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, आणि तो कॉफी घेऊन यायचा, एकही दिवस न चुकवता. माझ्या यशाचं श्रेय दुसऱ्या कुणाहीपेक्षा मी या माणसाचं जास्त मानतो, असं ट्रोलपने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मनाचा मोठेपणाच तो. कारण बहुतेक आदर्श दिनक्रमांत असा कुणीतरी माणूस असतो आणि तक्त्यात त्याचं नाव नसतं. सकाळचे तीन तास सलग मिळाले म्हणजे त्या तीन तासांत बाकीचं घर दुसऱ्या कुणीतरी सांभाळलं. पद्धत उचलण्याआधी हा माणूस आपल्याकडे आहे का, आणि नसला तर आपणच कुणाच्या तक्त्यातला तो माणूस तर नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

माझी एक मैत्रीण आहे, तिचं मूल लहान आहे आणि ती घरून अनुवाद करते. सलग वेळ ही गोष्ट तिच्या आयुष्यातून सध्या गेलेली आहे. तिला 'दोन तास दार बंद करून बस' हा सल्ला देणाऱ्यांची मला कमाल वाटते. तिने स्वतःपुरता एक उपाय काढलाय. आतून हाक आली, की उठण्याआधी ती समोरच्या चिठ्ठीवर एकच ओळ खरडते, परत आल्यावर नेमकं काय करायचं ते. 'तिसऱ्या परिच्छेदातली म्हण बदलायची.' बस. हाक लांबली तर चिठ्ठी थांबते. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 साली दाखवून दिलं होतं, की अर्धवट कामावरून दुसऱ्या कामावर गेलं की मनाचा काही भाग मागेच रेंगाळतो आणि नवं काम त्या प्रमाणात बिघडतं. परतीची वाट लिहून ठेवली की हे रेंगाळणं कमी होतं, असं तिच्याच पुढच्या अभ्यासातून दिसलं. माझ्या मैत्रिणीने हे वाचलेलं नाही. तिच्या गरजेने तिला तिथे नेलं.

एका बाबतीत मात्र 'ज्याची त्याची प्रकृती' हे माझं पालुपद मी मागे घेते. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज. इथे जवळपास सगळे एकाच होडीत असतात. वेळ कमीच धरायच्या या खोडीला कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली नाव दिलं, 'प्लॅनिंग फॅलसी'. 1994 साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. सगळं काही वाकडंच गेलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सुमारे 55. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. मजा अशी, की हीच माणसं दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना इतकी आशावादी नसतात. स्वतःच्या कामाकडे पाहताना आपण ते कसं पार पडेल याची गोष्ट रचतो. आजारपण, बंद पडलेला संगणक, न आलेलं उत्तर यांना त्या गोष्टीत जागाच नसते.

यावर माझ्या माहितीत एकच इलाज आहे, आणि तो अगदी रुक्ष आहे: मागच्या वेळी खरोखर किती लागला ते लिहून ठेवणं. मी वहीत प्रत्येक कामापुढे सुरुवातीची आणि शेवटाची वेळ टिपते. सुशोभित वही नाही, रंग नाहीत, ॲप नाही. त्यातून जे कळलं ते मला कुठल्याही सल्ल्यातून कळलं नसतं. पानं तपासायला लागणारा वेळ मी बऱ्यापैकी बरोबर ओळखत होते. माझ्या हिशेबात नसायचं ते 'काम झालं' म्हटल्यानंतरचं काम. लेखकाला पाठवायच्या शंका नीट शब्दांत मांडणं, त्यांची उत्तरं येईपर्यंत थांबणं, आलेल्या उत्तरांमुळे आधीची चार पानं पुन्हा उघडणं, नावांचं लेखन सगळीकडे एकसारखं करणं. या शेपटाला काही वेळा मूळ कामाइतकाच वेळ लागतो. टायमरने ते दिसत नाही, चौकोनांत ते बसत नाही, पहाटे उठूनही ते आटपत नाही. आता कामाची तारीख ठरवताना शेपूट मी आधी मोजते.

मग या पद्धतींचा मुळात उपयोग होतो का? एऑन, फॅबर आणि पनाच्चो यांनी 2021 साली 158 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वेळेच्या नियोजनाचा कामाच्या दर्जाशी संबंध आहे, पण मध्यम. त्यापेक्षा पक्का संबंध दिसला तो स्वास्थ्याशी, आयुष्याबद्दलच्या समाधानाशी. हे वाचून मला हायसं वाटलं. सकाळी यादी केली म्हणून माझी पानं फार वाढत नाहीत हे मला ठाऊकच होतं. पण यादी केलेल्या दिवशी संध्याकाळी मी माणसात असते. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचं 2011 सालचं संशोधनही इथेच येऊन मिळतं. अपुरं काम मनात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं एवढं ठरवलं तरी टोचणी पुष्कळ उतरते, काम झालेलं नसलं तरी. म्हणून दिवस संपवताना उरलेल्या कामांची नुसती नावं मी लिहीत नाही. नाव लिहिलं की ते रात्रभर माझ्याकडे बघत बसतं. 'उद्या जेवणाआधी, प्रस्तावनेच्या तळटिपांपासून' असं लिहिलं की ते आपलं झोपी जातं.

एखादी पद्धत किती दिवस वापरून पाहावी, याबद्दल लोक फार आकडे सांगतात. माझा अनुभव असा, की न जमणारी पद्धत लवकरच ओळखू येते. तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागायला लागतो. रंगीत खुणा लावायला रविवार जातो, राहिलेल्या नोंदी भरून काढायला रात्र जाते आणि काम तसंच पडून असतं. जमणारी पद्धत मात्र काही दिवसांनी आठवेनाशी होते. तुम्ही कोणती पद्धत वापरता, असं कुणी विचारलं तर माझ्या मैत्रिणीला तिची चिठ्ठी आठवणारही नाही. आणि जमलेली पद्धत कायमची जमते असंही नाही. मूल शाळेत जायला लागेल तेव्हा तिची चिठ्ठी निरुपयोगी होईल आणि तिला बहुधा टायमर लागेल. सकाळचे चार तास अचानक रिकामे मिळाले की सुरुवात करणं फार कठीण जातं.

एक स्थिती अशी असते, की तिथे यातलं काहीही लागू पडत नाही. वहीतल्या खऱ्या आकड्यांनी पुढच्या आठवड्याची बेरीज केली आणि ती आठवड्यातल्या तासांपेक्षा मोठी निघाली, तर तो प्रश्न नियोजनाचा उरत नाही. चिरिलोच्या टायमरने किंवा ट्रोलपच्या पहाटेने ती बेरीज कमी होत नाही. तेव्हा कुणाला तरी फोन करून तारीख पुढे ढकलावी लागते, काम परत करावं लागतं किंवा घरातल्या कुणाला तरी 'हे आजपासून तू बघ' असं सांगावं लागतं. हे संभाषण टाळण्यासाठी माणसं नवनव्या पद्धती शिकत राहतात, असा मला दाट संशय आहे. मी फोन करते. प्रकाशकाने नव्या कामाचं विचारलं, की 'एक मिनिट हं' म्हणून वही उघडते, पानं आणि शेपूट मोजते आणि निघेल ती तारीख सांगते. पलीकडून बहुतेक वेळा, 'एवढे दिवस?' असं येतं. कधी काम मिळतं, कधी ते दुसऱ्या कुणाकडे जातं.